इल्मचे दार उघडणारे सर सय्यद

वाचकहो, सर सय्यद अहमद खान हे नाव आपल्यापैकी कोणालाही नवे नाही. आपल्या शाळांतून त्यांची तसबीर असते, १७ ऑक्टोबरला त्यांची जयंती साजरी होते आणि त्या दिवशीच्या भाषणांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते : त्यांनी अलीगढला कॉलेज काढले. गोष्ट खरी आहे. परंतु अलीगढची शाळा सुरू झाली १८७५ साली. त्या वेळी सर सय्यद सत्तावन्न वर्षांचे होते. त्याच्या अकरा वर्षे आधी त्यांनी जे काम हाती घेतले, त्याची आठवण आपण फारशी काढत नाही. परदेशांत छापल्या जाणाऱ्या शास्त्रीय ग्रंथांतील ज्ञान येथल्या माणसाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या गावाजवळ मिळावे, यासाठी त्यांनी सायंटिफिक सोसायटी स्थापन केली होती. आज त्यांचे चरित्र आपण त्या अंगाने पाहू. संशोधन जगात होते, छापलेही जाते, पण ते आपल्या मुलामुलींच्या हाती पडते का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

दिल्लीतील जडणघडण

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. वडील मीर मुत्तकी फकिरी वृत्तीचे होते. घरावर खरी छाप होती ती आई अजीज-उन-निसा बेगम आणि आईचे वडील ख्वाजा फरीदुद्दीन यांची. हे आजोबा मोगल दरबारात वजीर होते, गणितात पारंगत होते आणि खगोलशास्त्राच्या उपकरणांचा त्यांना नाद होता. मामा जैनुल आबिदीन यांच्याकडे सय्यद अहमद गणित शिकले. मुलाचे पाठ आई स्वतः घेई. इंग्रजी शाळेत मात्र ते कधी गेले नाहीत आणि पुढे सबंध आयुष्यात त्यांना इंग्रजी जेमतेमच आले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या कुलपाशी त्यांनी पुढे झगडा केला, ते त्यांच्या स्वतःच्या दारालाही लागलेले होते.

१८३८ साली वडील वारले. घर चालवण्यासाठी सय्यद अहमद यांनी कंपनी सरकारच्या न्यायखात्यात नोकरी धरली आणि १८४१ मध्ये ते मुन्सफ झाले. दिल्लीत बदली झाल्यावर त्यांनी शहरातील जुन्या इमारतींचा शोध घ्यायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी फिरावे, मोजमापे घ्यावीत, शिलालेख उतरवून घ्यावेत, असा क्रम सुरू झाला. कुतुबमिनारावरील उंचावरचे लेख खालून वाचता येत नसत. तेव्हा दोन उंच वाशांच्या मध्ये शिंके टांगून त्यात ते बसत आणि अक्षरे टिपून घेत. खाली उभे असलेले त्यांचे विद्वान स्नेही इमाम बख्श सहबाई यांचा चेहरा भीतीने पांढरा पडे. या खटपटीतून १८४७ साली आसार-उस-सनादीद हा ग्रंथ तयार झाला. १८६१ मध्ये गार्सां द तासी या पंडिताने त्याचे फ्रेंच भाषांतर केले आणि १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने सर सय्यद यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. येथे एक गोष्ट सहज लक्षात येते. उर्दूत लिहिलेले संशोधन युरोपच्या विद्वानांपर्यंत पोचले, कारण कोणीतरी ते भाषांतरित केले.

याच तरुण सय्यद अहमद यांनी १८४८ साली, पृथ्वी फिरत नाही असे सिद्ध करू पाहणारी एक पुस्तिका लिहिली, हे सांगितले तर आज आश्चर्य वाटेल. पुस्तिका लिहिणारा मनुष्य मूर्ख नव्हता. तो गणित जाणणारा आणि तर्कशुद्ध विचार करणारा होता. परंतु युरोपात तीनशे वर्षे चाललेल्या वादाचे ग्रंथ त्याच्या भाषेत पुरेसे आलेले नव्हते आणि ज्या भाषेत ते होते, ती त्याला येत नव्हती. पुढे त्यांनी हे मत टाकून दिले. बुद्धी असूनही पुस्तक हाती नसले म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१८५५ मध्ये त्यांनी अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीची संशोधित आवृत्ती काढली. प्रस्तावनेसाठी मिर्झा गालिब यांना विनंती केली, तेव्हा गालिब यांनी फारसी पद्यात भलताच अभिप्राय लिहून दिला. मेलेल्या राज्याचे कायदे कशाला उकरता, इंग्रजांनी वाफेवर चालवलेल्या नौका आणि तारेतून धाडलेले निरोप पाहा, असा त्याचा रोख होता. सय्यद अहमद यांना तो रुचला नाही आणि त्यांनी तो छापला नाही. पण पुढल्या दहा वर्षांत ते त्याच वाटेने गेले.

सत्तावन्नचा तडाखा

१८५७ च्या उठावाच्या वेळी ते बिजनौरला होते. तेथील इंग्रज कुटुंबांचे त्यांनी प्राण वाचवले. इकडे दिल्लीत त्यांचे मामा आणि मामेभाऊ मारले गेले. आईला एका नोकराच्या घरात उपाशीतापाशी लपून राहावे लागले आणि त्या हालांतून ती सावरली नाही. मीरतला तिचा अंत झाला.

त्या वर्षी आणखी एक नुकसान झाले. १८४० नंतरच्या काळात दिल्ली कॉलेजात इंग्रजी ग्रंथांचे उर्दू भाषांतर करण्याचा मोठा उद्योग चालला होता. मास्टर रामचंद्र यांच्यासारखे गणिती तेथे शिकवत, लिहीत आणि विज्ञानाची माहिती देणारी नियतकालिके चालवत. सत्तावन्नच्या धुमाकुळात कॉलेज लुटले गेले, ग्रंथालयाची नासधूस झाली आणि तो सारा उद्योग बंद पडला. सर सय्यद यांनी पुढे जे काम केले, ते या विझलेल्या चुलीतील निखारे पुन्हा फुंकण्याचे होते.

उठावानंतर त्यांनी बंडाच्या कारणांवर निर्भीड पुस्तक लिहिले आणि राज्यकर्त्यांच्या चुका त्यांच्याच पदरात घातल्या. मुरादाबादला १८५९ मध्ये शाळा काढली, १८६० च्या दुष्काळात अन्नछत्रांची व्यवस्था पाहिली. १८६२ मध्ये त्यांची गाझीपूरला बदली झाली. राज्य गेले, मानमरातब गेला, आता लोकांनी उभे राहायचे ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. उत्तर त्यांना ज्ञानात दिसले. आणि ज्ञान तर इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकांत होते.

गाझीपूरची सभा

९ जानेवारी १८६४ रोजी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटीची स्थापना झाली. पश्चिमेकडील कला आणि शास्त्रे यांवरचे ग्रंथ या देशातील लोकांच्या वापरातील भाषांत आणावयाचे आणि छापून लोकांपुढे ठेवावयाचे, असा तिचा मुख्य हेतू होता. ड्यूक ऑफ आर्गाइल तिचे आश्रयदाते झाले. सदस्यांत हिंदू होते, मुसलमान होते, इंग्रजही होते. त्याच वर्षी सर सय्यद यांची अलीगढला बदली झाली, तेव्हा सोसायटीचे बिऱ्हाडही त्यांच्यामागोमाग अलीगढला आले. तेथे राजा जयकिशन दास हे त्यांचे मोठे साहाय्यक ठरले. १८६७ मध्ये सर सय्यद बनारसला गेल्यावर सोसायटीचा कारभार याच हिंदू मित्राने सांभाळला. ज्ञानाच्या कामात धर्माची भिंत नसते, हे त्या दोघांनी कोणतेही भाषण न करता दाखवून दिले.

सोसायटीने कोणती पुस्तके निवडली ते पाहण्यासारखे आहे. इतिहासात रोलिनचे प्राचीन जगाचे इतिहास, अर्थशास्त्रात सीनियरचा ग्रंथ, शेतीवर स्कॉट बर्नचे पुस्तक, विजेवर हॅरिसचे पुस्तक, शिवाय गणिताची पुस्तके. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा हिंदुस्थानचा इतिहासही या यादीत होता. हे एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले, ज्यांच्या नावाने मुंबईचे कॉलेज ओळखले जाते तेच. आपल्या प्रांतात वावरलेल्या माणसाचा ग्रंथ अलीगढच्या छापखान्यातून उर्दूत निघाला.

केवळ पुस्तके छापून सर सय्यद थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचा छापखाना सोसायटीला देऊन टाकला. सोसायटीची इमारत बांधली, तिच्यात ग्रंथालय आणि वाचनालय ठेवले. व्याख्याने होत, उपकरणे मांडून प्रयोग दाखवले जात, नव्या पद्धतीच्या शेतीचेही प्रयोग झाले. मार्च १८६६ मध्ये अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट हे पत्र निघाले. त्यात इंग्रजी आणि उर्दू मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. इंग्रजाला कळावे की लोक काय म्हणतात आणि लोकांना कळावे की जगात काय चालले आहे, अशी ती दुहेरी खिडकी होती. आपल्या मुंबईत बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली दर्पण काढले, तेही याच धर्तीवर एका बाजूस इंग्रजी आणि एका बाजूस मराठी अशा स्वरूपाचे होते. दोन प्रांतांतल्या दोन शहाण्या माणसांना एकच युक्ती सुचली.

१ ऑगस्ट १८६७ रोजी सर सय्यद आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटिश इंडियन असोसिएशनतर्फे व्हाइसरॉयकडे एक अर्ज पाठवला. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याची सोय करावी, त्यासाठी कलकत्ता विद्यापीठात वेगळा विभाग काढावा किंवा वायव्य प्रांतात स्वतंत्र विद्यापीठ स्थापन करावे, अशी त्यात मागणी होती. सरकारने सहानुभूती दाखवली, परंतु उच्च शिक्षणास पुरेसे ग्रंथ देशी भाषांत अद्याप नाहीत, असे कारण पुढे केले. वाचकहो, यातली अडचण पाहा. ग्रंथ नाहीत म्हणून विद्यापीठ नाही आणि विद्यापीठ नाही म्हणून ग्रंथ लिहिणारे नाहीत. हा फेरा कुठून तरी तोडावा लागतो.

लंडनची ग्रंथालये

१ एप्रिल १८६९ रोजी सर सय्यद दोन्ही मुलांसह इंग्लंडला जाण्यासाठी बनारसहून निघाले. धाकट्या मुलाला, सय्यद महमूदला, तेथे शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. अलाहाबादहून मुंबईपर्यंत सलग आगगाडी तेव्हा नव्हती, तो मार्ग पुढल्या वर्षी पुरा झाला. जबलपूर, नागपूर असा प्रवास करीत ते मुंबईस आले आणि १० एप्रिलला बोटीत बसले. सुवेझचा कालवाही अजून खुला झाला नव्हता. ४ मे रोजी ते लंडनला पोचले.

या प्रवासाचा एक हेतू निराळा होता. सर विल्यम म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने पैगंबरसाहेबांचे चरित्र चार खंडांत लिहिले होते. त्यातील आक्षेपांना सर सय्यद यांना अभ्यासपूर्ण उत्तर द्यायचे होते. परंतु उत्तर देण्यास लागणारे ग्रंथ हिंदुस्थानात मिळेनात. त्यातले कित्येक लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात आणि ब्रिटिश म्युझियममध्ये होते. आपल्याच इतिहासाची साधने पाहण्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला. इंग्रजी पुस्तके दुसऱ्याकडून वाचून आणि भाषांतर करून घ्यावी लागत. पैसे संपले तेव्हा त्यांनी मित्रांना पत्रे लिहून कर्ज उभारायला सांगितले आणि घरातील चीजवस्तू विकण्याची तयारी ठेवली. त्यांच्या निबंधांचा इंग्रजी ग्रंथ १८७० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

लंडनमध्ये त्यांना राजवाड्यांपेक्षा एक साधी गोष्ट अधिक चटका लावून गेली. त्यांच्या बिऱ्हाडी काम करणारी मोलकरीण वर्तमानपत्र वाचत असे. घोडागाडीवालाही गिऱ्हाईक नसले की पेपर उघडून बसे. सर सय्यद यांनी याचे कारण शोधले ते असे की, त्या लोकांची सर्व शास्त्रे त्यांच्याच भाषेत आहेत. आपल्याकडे ज्ञान थोड्यांचे राहते आणि तेथे ते गाडीवानापर्यंत झिरपते, याचे मूळ त्यांना तेथे सापडले. प्रवासाची हकीकत ते गॅझेटकडे पाठवत, म्हणजे जे आपण पाहिले ते अलीगढच्या वाचकालाही पाहता यावे.

भाषांतर पुरे पडेना

१८७० च्या ऑक्टोबरात ते परतले आणि डिसेंबरात त्यांनी तहजीब-उल-अखलाक हे मासिक सुरू केले. टीका झाली, कुफ्रचे फतवे निघाले, तरी ते डगमगले नाहीत. २४ मे १८७५ रोजी अलीगढची शाळा उघडली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. निधीसाठी त्यांनी लॉटरी काढली, पुस्तकांचे दुकान मांडले आणि लोक हसतील याची पर्वा न करता रंगमंचावरही उभे राहिले. कॉलेजची दारे हिंदू विद्यार्थ्यांनाही खुली होती. तेथून पहिला पदवीधर झाला तो ईश्वरी प्रसाद.

या कॉलेजात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते, ही गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. देशी भाषेतील विद्यापीठ मागणारा मनुष्य इंग्रजीकडे का वळला? सर सय्यद यांनी स्वतःच १८८२ च्या हंटर आयोगापुढे याचा खुलासा केला. केवळ भाषांतरांच्या बळावर उच्च शिक्षण उभे राहील, ही आपली पूर्वीची समजूत अनुभवाने टिकली नाही, असे त्यांनी मोकळेपणाने मांडले. याचे कारण समजून घेतले पाहिजे. एक ग्रंथ निवडावा, भाषांतरकार शोधावा, परिभाषा घडवावी, छपाई करावी, तोवर मूळ शास्त्र चार पावले पुढे गेलेले असते. भाषांतर वाचणारा नेहमी मागून चालतो. बरोबरीने चालायचे तर मूळ लेखन वाचता आले पाहिजे, स्वतः शोध लावता आले पाहिजेत आणि ते जगाला कळवता आले पाहिजेत. पण इंग्रजी थोड्यांनाच येणार होती. मग बाकीच्यांचे काय? हा पेच त्यांच्या हयातीत सुटला नाही. म्हणूनच की काय, कॉलेजचा व्याप वाढला तरी गॅझेट त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले.

त्यांच्या कार्याची दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. मुलींच्या शाळा काढण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे ते मानत. त्यांच्या आधी कितीतरी, १८४८ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. आईकडून धडे घेतलेल्या माणसाने इतर आयांच्या लेकींसाठी ते दार उघडले नाही. अलीगढला ते काम शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वाहिद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये केले.

२७ मार्च १८९८ रोजी सर सय्यद यांचे निधन झाले. लाखो रुपये गोळा करून संस्थेला देणाऱ्या या माणसाच्या घरी दफनविधीपुरतेही पैसे नव्हते. तो खर्च मित्रांनी केला.

लावलेल्या रोपाची फळे

सर सय्यद यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या शैक्षणिक परिषदेचे अधिवेशन १९०३ साली मुंबईत भरले. अध्यक्ष होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी, म्हणजे काँग्रेसच्या प्रश्नावर सर सय्यद यांच्याशी ज्यांचा उघड मतभेद होता तेच. याच परिषदेतून अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था निघाली आणि मौलवी अब्दुल हक यांनी तिचा कारभार अनेक वर्षे आपल्या औरंगाबादेतून चालवला. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९१७ मध्ये भाषांतरासाठी दारुल तर्जुमा स्थापन झाले आणि पाठोपाठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. आधी ग्रंथ आणि मग विद्यापीठ असा तो क्रम होता. १८६७ च्या अर्जाला पन्नास वर्षांनी उत्तर मिळाले.

अलीगढचे कॉलेज १९२० मध्ये विद्यापीठ झाले. पुढे जगप्रसिद्ध झालेले फ्रेंच गणिती आंद्रे वेल १९३० मध्ये तेथे प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्या बोलावण्यावरून १९३१ साली एक तरुण तेथे रुजू झाला. गोव्यात जन्मलेले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच. कोसंबींनी १९४३ मध्ये संख्याशास्त्रातील एक मोलाचा शोधनिबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. काही वर्षांनी युरोपातील कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच मांडले आणि पाठ्यपुस्तकांत सिद्धांत त्या दोघांच्या नावाने रूढ झाला. कोसंबींचे नाव त्यास जोडले गेले ते बऱ्याच उशिराने. जगातले ज्ञान आपल्यापर्यंत येणे हा व्यवहाराचा अर्धा भाग झाला. आपले संशोधन जगाच्या नजरेस पडणे हा दुसरा अर्धा, आणि आशियातील देशांना तोही तितकाच जड गेला आहे.

आपल्यापुढचे काम

आज परिस्थिती पालटली आहे. अनेक शोधनिबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पण अनेक नियतकालिकांची वर्गणी अजूनही लहान कॉलेजच्या आवाक्याबाहेर आहे. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक राष्ट्र एक वर्गणी ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था, असा तिचा विस्तार आहे. किमतीचे कुलूप त्यामुळे बरेच सैल झाले. परंतु या संस्थांच्या बाहेर असलेला शाळामास्तर, छोट्या गावातला डॉक्टर, घरी बसून अभ्यास करणारी मुलगी यांचे काय? आणि ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांतल्या किती जणांना आतली भाषा वाचता येते? सर सय्यद यांना छळणारा पेच निराळ्या कपड्यांत आपल्यापुढे उभाच आहे.

तेव्हा वाचकहो, त्यांच्या तसबिरीला हार घालताना त्यांच्या सोसायटीचीही याद ठेवा. आपल्या संस्थेचे ग्रंथालय संध्याकाळी गावातल्या माणसांसाठी उघडे राहील, असे पाहा. आपल्यापैकी जो विज्ञानाचा शिक्षक आहे, त्याने महिन्यातून एक नवा शोधनिबंध निवडून मुलांना मराठीत आणि उर्दूत समजावून सांगावा. त्याच मुलांना इंग्रजीही असे शिकवावे की, पुढच्या वर्षी तो निबंध त्यांनी स्वतः वाचावा. आणि ज्याच्या हातून काही संशोधन होईल, त्याने ते सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी प्रसिद्ध करावे. गाझीपूरच्या त्या सभेला राज्याचे पाठबळ नव्हते, मोठी इमारत नव्हती आणि तिच्या प्रवर्तकाला धड इंग्रजीही येत नव्हते. आपल्याजवळ त्याहून पुष्कळ अधिक आहे.